प्रायॉन: निर्जीव संसर्गाच्या शोधाची पार्श्वभूमी

मेंढी कुंपणाला, झाडाच्या बुंध्याला, दिसेल त्या खांबाला अंग घासत राहते. लोकर झडून कातडी उघडी पडते, चाल लटपटू लागते आणि काही महिन्यांत ती मरते. हा रोग युरोपातल्या मेंढपाळांना अठराव्या शतकापासून माहीत होता आणि या घासण्यावरूनच त्याचे ‘स्क्रेपी’ हे इंग्रजी नाव पडले. पुढे ‘प्रायॉन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, संसर्ग घडवणाऱ्या प्रथिनाच्या शोधाची गोष्ट या रोगापासून सुरू होते. तो वंशातून येतो की एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, हा वाद मात्र फार काळ मिटला नाही. १९३६ मध्ये जाँ कुइए आणि पॉल-लुई शेल या दोन फ्रेंच पशुवैद्यांनी आजारी मेंढीच्या मज्जासंस्थेतील ऊतीचा अर्क निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यात टोचला आणि १४ ते २२ महिन्यांनी त्यांना स्क्रेपी झाल्याचे दाखवून दिले. आधीच्या संशोधकांना हे का साधले नव्हते, याचे उत्तर या आकड्यांतच आहे: इतका काळ वाट पाहण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या एका वेगळ्या रोगावरील लस हजारो मेंढ्यांना टोचण्यात आली. ती मेंढ्यांच्याच मेंदूपासून केलेली होती आणि विषाणू मारण्यासाठी तिच्यात फॉर्मलिन घातलेले होते. दोनेक वर्षांनी त्यांतील अनेक मेंढ्यांना स्क्रेपी झाला. ज्या रसायनात विषाणू तगत नाहीत, त्यातूनही हा कारक तगून निघाला होता, पण या खुणेचा अर्थ त्या वेळी कोणाला लावता आला नाही.

माणसांतील अशाच रोगाची पहिली वर्णने १९२० आणि १९२१ मध्ये जर्मनीतील हान्स क्रॉइट्झफेल्ट आणि आल्फोन्स याकोब यांनी प्रसिद्ध केली. दर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन जणांना होणारा हा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग झपाट्याने स्मृतिभ्रंश आणतो आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावतात. तो कशाने होतो हे पुढे चार दशकांहून अधिक काळ गूढच राहिले.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात. तेथील फोरे समाजात ‘कुरू’ म्हणजे थरथर या नावाचा एक रोग पसरला होता. आधी चाल अस्थिर होई, मग अंगाला कंप सुटे, पुढे बसणे आणि गिळणेही अशक्य होई आणि साधारण वर्षभरात मृत्यू येई. व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक यांनी १९५७ मध्ये या रोगाचे वर्णन वैद्यकीय जगापुढे ठेवले. त्या काळात वर्षाला दोनशेच्या आसपास माणसे कुरूने मरत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. काही वस्त्यांत तर लग्नाच्या वयाच्या पुरुषांना बायका मिळणे कठीण झाले होते. आनुवंशिक रोग म्हणावा तर तो इतक्या वेगाने कसा पसरला, आणि संसर्ग म्हणावा तर ताप किंवा मेंदूचा दाह यांपैकी काहीच कसे नाही, या पेचातून वाट दाखवली ती शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास या मानवशास्त्रज्ञांनी. वंशावळी आणि आठवणी टिपत जाताना त्यांच्या ध्यानात आले की मृत आप्ताचे शरीर शोकविधीचा भाग म्हणून खाण्याची प्रथा या समाजात फार जुनी नव्हती, आणि मेंदू प्रामुख्याने स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्या वाट्याला येत असे. फोरेंच्या दृष्टीने ते मृताविषयीच्या मायेचे कृत्य होते. बाहेरच्या लिखाणात त्याला जो भडक रंग दिला गेला तो मला अन्यायाचा वाटतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही प्रथा थांबली आणि त्यानंतर जन्मलेल्यांना कुरू झाला नाही. आधी संसर्ग झालेल्यांपैकी काहींना मात्र तो पन्नासहून अधिक वर्षांनीही झाला.

मेंढ्या आणि माणसे यांना जोडणारा दुवा एका पशुवैद्याने शोधला. स्क्रेपीवर काम करणारे अमेरिकन विल्यम हॅडलो १९५९ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय संग्रहालयात कुरूविषयीचे प्रदर्शन पाहायला गेले आणि मेंदूच्या पेशींतल्या पोकळ्यांची चित्रे पाहून थबकले, कारण तशाच पोकळ्या त्यांनी मेंढ्यांच्या मेंदूत पाहिल्या होत्या. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी कुरूची लागण माकडवर्गीय प्राण्यांना करून पाहावी आणि बराच काळ वाट पाहावी, असे सुचवले. गायडुसेक, क्लॅरेन्स गिब्ज आणि मायकेल आल्पर्स यांनी चिंपांझींवर तो प्रयोग केला, दीड-दोन वर्षांनी त्या प्राण्यांत कुरूची लक्षणे दिसली आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाचाही असाच संसर्ग सिद्ध झाला. गायडुसेक यांना १९७६ चे नोबेल मिळाले तेव्हा या कारकाला ‘मंद विषाणू’ म्हटले जात होते, पण तो विषाणू कोणालाही दिसला नव्हता.

तो विषाणू नसावा, असा पुरावा त्याआधीच पुढे आला होता. लंडनमध्ये टिक्वा आल्पर आणि त्यांचे सहकारी स्क्रेपीच्या कारकावर किरणोत्सर्गाचा मारा करून पाहत होते. कारकातली जनुकीय सामग्री जेवढी मोठी, तेवढी ती किरणांनी लवकर बिघडते, हे यामागचे साधे गणित. स्क्रेपीचा कारक मात्र कोणत्याही ज्ञात विषाणूपेक्षा कितीतरी लहान असल्यासारखा वागला आणि न्यूक्लिइक आम्लाला (म्हणजे डीएनए-आरएनएला) हमखास निकामी करणाऱ्या अतिनील किरणांचाही त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही. १९६७ मध्ये जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ञाने ‘नेचर’मधल्या छोट्या लेखात एखादे प्रथिन स्वतःसारखीच प्रथिने कशी घडवू शकेल, याच्या काही सैद्धांतिक वाटा मांडल्या. जीवशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने या दोन्ही गोष्टींकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. आनुवंशिक माहिती न्यूक्लिइक आम्लाकडून प्रथिनाकडे वाहते हा सिद्धान्त तेव्हा नुकताच प्रस्थापित झाला होता आणि ही कल्पना त्याच्या विरोधात जाते, असा अनेकांचा समज झाला. ग्रिफिथ यांनी मात्र तसा विरोध नसल्याचे त्याच लेखात म्हटले होते.

१९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मज्जाविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेत असलेले स्टॅनली प्रुसिनर यांच्यासमोर क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाची एक रुग्ण आली आणि ते या विषयाकडे वळले. खरी अडचण मोजमापाची होती: एका नमुन्याची संसर्गशक्ती ठरवायला साठ उंदीर आणि एक वर्ष लागत असे. हॅमस्टर वापरल्यावर तेच काम चार प्राण्यांत आणि सुमारे ७० दिवसांत होऊ लागले. या क्षेत्राला पुढे मिळालेल्या गतीमागे हा रुक्ष वाटणारा बदल आहे, असे माझे मत आहे. न्यूक्लिइक आम्ल नष्ट करणाऱ्या प्रक्रियांनी संसर्गशक्ती घटत नाही, प्रथिन बिघडवणाऱ्यांनी घटते, असे वारंवार दिसल्यावर १९८२ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये या कारकाला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. (ते स्वतः त्याचा उच्चार ‘प्रीऑन’ असा करतात, मराठीत दोन्ही रूपे दिसतात.) टीका कडवट झाली. पुरावा अपुरा असताना नाव देण्याची घाई केली, हा त्यातला एक आक्षेप होता आणि तो अगदीच अवाजवी नव्हता.

१९८५ मध्ये प्रायॉन ज्याचा बनलेला असतो त्या प्रथिनाचे जनुक सापडले, ते मात्र संसर्ग झालेल्या प्राण्याच्याच गुणसूत्रांत आणि निरोगी प्राण्यांतही. वरवर पाहता सिद्धान्ताला धक्का देणाऱ्या या शोधानेच पुढची दिशा ठरवली. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी, आणि ती ज्या घडीत दुमडते त्यावर तिचे काम ठरते. साखळीतला क्रमच ही घडी ठरवतो, या कामासाठी क्रिस्तियन ॲन्फिन्सेन यांना १९७२ चे नोबेल मिळाले होते. इथे मात्र क्रम एकच होता आणि घड्या दोन. निरोगी रूपात सर्पिल भाग जास्त, तर रोगकारक रूपात सपाट पट्ट्या जास्त असतात. त्या पट्ट्या एकमेकींना चिकटून तंतू बनतात आणि शेजारच्या निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखी घडी घ्यायला लावतात. १९९३ मध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने हे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रेपीची लागण करून पाहिली. ते आजारी पडले नाहीत. प्रुसिनर यांना १९९७ चे नोबेल एकट्याला मिळाले.

एक आक्षेप त्यानंतरही उरला होता. स्क्रेपीचे अनेक वाण आहेत, प्रत्येकाचा परिपाककाल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) वेगळा आणि मेंदूतली इजाही वेगळी. जनुकीय सामग्री नसेल तर हा फरक पिढ्यानपिढ्या कसा टिकतो? एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या घड्या स्थिर राहू शकतात आणि प्रत्येक घडी आपलीच नक्कल काढते, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. यीस्टमध्येही प्रथिनाच्या घडीतून गुणधर्म वारशाने जातात, असे रीड विकनर यांनी १९९४ मध्ये मांडले.

या प्रयोगशाळेतल्या वादाला लोकांच्या जेवणाच्या ताटाशी जोडले ते ब्रिटनमधील गायींनी. १९८६ मध्ये तेथे बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच ‘मॅड काऊ’ रोग, ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची पूड दुभत्या गायींच्या खाद्यात मिसळली जात होती. म्हणजे गाय नकळत गायच खात होती आणि कुरूचे चक्र औद्योगिक प्रमाणावर फिरत होते. १९८८ मध्ये अशा खाद्यावर बंदी आली, तरी एकूण १,८०,००० हून अधिक गुरांत रोग निश्चित झाला. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला होता. २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले की दहा तरुण रुग्णांत क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाचा नवा प्रकार आढळला असून त्याचा गायींच्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. या प्रकाराने ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेहून अधिक बळी घेतले. या रुग्णांपैकी जवळपास सर्वांच्या प्रायॉन प्रथिनात १२९ व्या जागी, आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींनुसार, मेथिओनिन हे एकच ॲमिनो आम्ल होते. फोरे समाजातही १२७ व्या जागचा एक बदल आढळला असून तो कुरूपासून संरक्षण देतो.

अल्झायमर आणि पार्किन्सन या रोगांतही घडी बिघडलेली प्रथिने मेंदूत एका भागातून दुसऱ्या भागात पसरताना दिसतात. तरीही नेहमीच्या सहवासातून हे रोग लागत नाहीत, त्यामुळे त्यांना सरसकट प्रायॉन रोग म्हणण्याबाबत संशोधकांत मतभेद आहेत. उपचारांच्या बाबतीत सध्याची सर्वांत ठोस दिशा १९९३ च्या त्या उंदरांकडूनच आलेली आहे. बिघडलेले प्रथिन शोधून नष्ट करण्यापेक्षा त्याला लागणारा कच्चा माल, म्हणजे निरोगी प्रथिन, पेशीत बनण्याआधीच कमी करायचा, या तत्त्वावरील औषधाच्या मानवी चाचण्या अलीकडेच सुरू झाल्या आहेत.