व्हीएफएक्सच्या आधीची ट्रिक, आणि तिचं बडोदा कनेक्शन

बडोद्यात चार मराठी डोकी एखाद्या पौराणिक पिक्चरचा ट्रेलर बघायला बसली की पाच मिनिटांत निकाल लागतो, एकतर ‘व्हीएफएक्स अगदी भंगार’ नाहीतर ‘काय भारी केलंय यार’, आणि मग गाडी डायनासोरवरून बाहुबलीवर जाते. व्हीएफएक्स म्हणजे शूट केलेल्या चित्रात नंतर केलेली नजरबंदी, पण तिची गोष्ट कॉम्प्युटरपासून सुरू केली की अर्धी राहूनच जाते, आणि त्या राहिलेल्या अर्ध्या गोष्टीतला एक तुकडा आपल्या राजमहाल रोडवरच्या कलाभवनातला आहे.

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, गज्जर सर प्रमुख होते, आणि मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलमधून आलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, इथे पेंटिंग, मूर्तिकाम आणि मुख्य म्हणजे फोटोग्राफी शिकले. डार्करूममध्ये हात बसला तो इथे. पुढे एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले, ‘प्रोफेसर केळफा’ नावाने प्रयोगही केले. म्हणजे चित्रकला, केमिकल आणि हातचलाखी एकाच माणसात आली, आता आजच्या व्हीएफएक्सवाल्याला तरी याहून वेगळं काय लागतं?

१९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा फिक्स केला आणि महिनाभर रोज थोडं थोडं शूट करत बसले. पडद्यावर मात्र मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव, आणि हे बघूनच पैसे लावणारे तयार झाले, त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये तर कंसाचं मुंडकं धडावरून सुटून हवेत जातं. तेव्हा असल्या ट्रिकची रीत अशी की फ्रेमचा एक भाग काळ्या कपड्याने झाकायचा, तिथे फिल्मवर काहीच उमटत नाही, मग तीच फिल्म मागे फिरवून त्या रिकाम्या जागेत दुसरं काहीतरी शूट करायचं. एक वळसा चुकला की सगळी रीळ वाया.

नंतर आले सुरतेचे बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणसासाठी वस्तू हवेत हलवायच्या होत्या, तर यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने त्या हलवल्या, आणि लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायला लागले. तिकडे हॉलिवूडमध्ये १९४० च्या सुमारास ब्लू स्क्रीन आला, माणूस निळ्या पडद्यापुढे उभा करायचा आणि मागचं दृश्य लॅबमध्ये जोडायचं, पण प्रत्येक जोडणीला फिल्मची कॉपी निघायची, चित्र थोडं खराब व्हायचं आणि माणसाभोवती काळी कड दिसायची. जुन्या पिक्चरमध्ये उडणाऱ्या देवाभोवती दिसते ना, तीच.

मग कॉम्प्युटरने नेमकं केलं काय? ‘टर्मिनेटर २’ (१९९१) म्हटलं की सगळ्यांना पाऱ्यासारखा वितळणारा माणूस आठवतो, पण माझ्या मते खरा बदल त्यातल्या मोटारसायकलच्या उडीत आहे. ती गाडी जाडजूड केबलला टांगलेली होती आणि केबल नंतर कॉम्प्युटरवर पुसल्या. बाबूभाईंना दोरा दिसू नये म्हणून शूटिंगच्या आधीच काळा पडदा, लाइट, अँगल सगळं ठरवायला लागायचं, इथे दोरा खुशाल दिसू दे, नंतर बघू. आणि कॉम्प्युटरवर कॉपी कितीही काढा, फिल्मसारखं चित्र बिघडत नाही. दोन वर्षांनी ‘जुरासिक पार्क’ आला, आपल्याकडे हिंदीत डब होऊन, आणि सगळं जग डायनासोर बघून वेडं झालं. खरंतर पिक्चरभर डायनासोर दिसतात साधारण १५ मिनिटं, त्यातली कॉम्प्युटरवरची सहाएकच, बाकी स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेले खरेखुरे यांत्रिक प्राणी. डोळा फसतो तो या मिसळीमुळे. पुढच्या कित्येक पिक्चरवाल्यांनी मिसळ सोडून नुसता रस्सा वाढला, म्हणून ते दोन वर्षांत जुने वाटायला लागले.

‘नंतर बघू’ची सवय मात्र जी लागली ती लागलीच. सेटवर कोणाच्या मनगटावर घड्याळ राहिलं, मागे विजेचा खांब आला, तरी शॉट ओके, पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, काढू. आणि पोस्टमध्ये काढतो कोण, तर रोटोवाला, म्हणजे रोटोस्कोपिंग करणारा पोरगा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२० फ्रेम, प्रत्येकात माणसाची कड, सुटलेले केस, हलणारा पदर, सगळं आखून वेगळं करायचं. या कामाचं मूळही १९१० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या कार्टूनवाल्या मॅक्स फ्लायशर यांचं, ते तर काचेवर फिल्मची चित्रं पाडून हाताने गिरवायचे. आज हॉलिवूडचं असलं भरपूर काम मुंबई, हैदराबाद, चेन्नईला येतं. आमच्या दांडिया बाजारातले एक-दोघं यात आहेत, त्यांच्या आयांना अजून नीट कळलेलं नाही की पोरगा रात्रभर नक्की करतो काय, क्रेडिटमध्ये नाव शोधायचं तर ते एवढं बारीक की सापडेपर्यंत थेटरवाला झाडू घेऊन उभा. आणि धंदा म्हणाल तर ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं आणि सोहळ्याच्या बाहेर शेकडो व्हीएफएक्सवाले निषेध करत उभे होते.

आता एलईडी वॉल, म्हणजे सेटवरची भिंतीएवढी स्क्रीन, आली आहे, २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ सिरीजपासून तिचं नाव झालं. मागचं जंगल, वाळवंट त्या भिंतीवरच चालू असतं आणि नट त्याच्यासमोर काम करतो, त्यामुळे बॅकग्राउंड शूटिंगच्या आधीच तयार लागतं, ‘नंतर बघू’ला तेवढा तरी चाप बसतो. डायरेक्टरने ऐनवेळी मत बदललं तर मात्र भिंतीसमोरचा माणूस परत रोटोलाच जातो.