१.२ व्होल्टचा सेल १.५ व्होल्टच्या सेलला भारी का पडतो?

पेन्सिल सेलवर चालणारी खिशातली एलईडी टॉर्च घेतली की एक सल्ला हमखास मिळतो. ‘यात रिचार्जेबल सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचेच असतात. साधा अल्कलाइन १.५ व्होल्टचा, त्याचा उजेड जास्त पडेल.’ सल्ला मनापासून दिलेला असतो आणि सेलवर छापलेले आकडेही त्याच्याच बाजूने बोलतात. तरीही टॉर्च जरा जोरदार असेल तर हा सल्ला साफ उलटा आहे. का, ते समजून घ्यायला टॉर्चच्या पोटात शिरावं लागतं आणि तिथे जे चालतं ते मला टॉर्चमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आधी उजेडाचे आकडे उरकून टाकू. वेष्टनावर ठळक छापलेले ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, सगळ्या दिशांचा मिळून. तो किती लांब जाईल हे कॅन्डेला सांगतं, म्हणजे एका दिशेतली तीव्रता. त्यामुळे ३०० ल्युमेनची एक टॉर्च अख्खी खोली उजळते आणि ३०० ल्युमेनचीच दुसरी दूरच्या झाडावर गोल ठिपका पाडते. टॉर्च मोजण्याचं एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) एफएल १ हे मानक २००९ साली आलं. त्यात पल्ला म्हणजे ज्या अंतरावर ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश उरतो ते अंतर, साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. हिशेब सोपा आहे : कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. १०,००० कॅन्डेला असतील तर पल्ला २०० मीटर. पण चांदण्याइतक्या उजेडात समोर माणूस आहे की खांब, हे नीट कळत नाही. म्हणून छापलेल्या पल्ल्याचा निम्मा धरावा, तिथे प्रकाश चौपट असतो.

शिवाय आपला डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. उजेड दुप्पट वाटायला प्रकाश साधारण चौपट किंवा त्याहूनही जास्त लागतो. ३०० आणि ३५० ल्युमेनमधला फरक शेजारी शेजारी धरूनही कळणं कठीण. उलट ४०० वरून १०० ल्युमेनवर उतरलात तर डोळ्याला फार तर निम्मा उजेड गेल्यासारखं वाटेल, आणि सेल मात्र चौपटीहून जास्त टिकेल.

आता मुख्य गोष्टीकडे. बंद टॉर्चमध्ये समोरून पाहिलं तर मधोमध एक पिवळा ठिपका दिसतो. पांढरा प्रकाश देणाऱ्या एलईडीत खरं तर निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळ्यातला काही भाग फॉस्फर शोषून पिवळसर करून टाकतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. याच निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाच्या एका कणात सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, म्हणून त्या चिपला ३ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिल्याशिवाय ती नीट पेटतच नाही.

पेन्सिल सेल देतो १.५ व्होल्ट, तोही नवा असताना. मग एका सेलवर ही एलईडी पेटते कशी?

टॉर्चच्या डोक्यात नाण्याएवढं एक सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एका सेलच्या टॉर्चमध्ये तो ‘बूस्ट’ जातीचा असतो. त्याचा जीव एका इंडक्टरमध्ये असतो, म्हणजे चुंबकीय गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यात. एक इलेक्ट्रॉनिक स्विच हे वेटोळं सेलच्या दोन टोकांना जोडतो. वेटोळ्यातून करंट वाढत जातो आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते. मग स्विच एकदम उघडतो, म्हणजे जोडणी तुटते. लांब पाइपातून वेगाने वाहणारं पाणी नळ झटकन बंद केल्यावर धाडकन आदळतं, तसं इथे होतं. वाहता करंट एका क्षणात थांबायला तयार नसतो. तो वाट काढण्यासाठी व्होल्टेज स्वतःच चढवतो आणि डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) एलईडीकडे घुसतो. लगेच स्विच पुन्हा जोडलेला, पुन्हा साठवण, पुन्हा उघडझाप, सेकंदाला लाखो वेळा. मधला कपॅसिटर हे धक्के पोटात घेतो आणि एलईडीला संथ प्रवाह मिळतो.

व्होल्टेज किती चढेल, हे स्विच एकूण वेळेचा किती भाग जोडलेला राहतो यावर ठरतं. ६० टक्के वेळ जोडलेला राहिला तर १.२ भागिले उरलेला ०.४, म्हणजे बरोबर ३ व्होल्ट. पण ऊर्जा फुकट वाढत नाही. व्होल्टेज अडीचपट झालं तर सेलकडून करंटही अडीचपट ओढावा लागतो. एलईडीला १ वॉट हवा असेल (त्यातून साधारण १०० ल्युमेन मिळतात) आणि ड्रायव्हरमध्ये थोडी गळती धरली, तर सेलकडून १.२ वॉट घ्यावे लागतात.

इथून पुढे थोडं गणित आहे, पण सगळं रहस्य त्यातच आहे.

चांगला ड्रायव्हर एलईडीची शक्ती कायम राखतो. म्हणजे सेलचं व्होल्टेज घसरलं की तो जास्त करंट ओढतो, कारण व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार १.२ वॉटच राहिला पाहिजे. आता प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. करंट वाहू लागला की सेलच्या आतच काही व्होल्ट खर्च होतात. नव्या अल्कलाइन सेलचा रोध ०.२ ओहमच्या आसपास धरू. त्याच्याकडून १.२ वॉट घेताना करंट ०.९१ अँपिअर येतो आणि टोकांवर १.३२ व्होल्ट उरतात. इथवर ठीक.

हाच सेल बराचसा वापरला गेला की मोकळा (कशालाही न जोडलेला) असताना १.२५ व्होल्ट दाखवतो आणि रोध ०.३ ओहमवर गेलेला असतो. आता १.२ वॉटसाठी करंट लागतो १.५ अँपिअर! टोकांवर उरतात फक्त ०.८ व्होल्ट आणि ०.६७ वॉट सेलच्या आतच उष्णता होऊन जातात. टॉर्चला मिळते त्याच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा सेलच खातो. कुठल्याही सेलकडून जास्तीत जास्त किती शक्ती काढता येते, याला मर्यादा आहे : मोकळ्या व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. १.२ व्होल्ट आणि ०.३ ओहमला ती बरोबर १.२ वॉट येते. सेल आणखी थोडा उतरून १.१५ व्होल्टवर आला की मर्यादा १.१ वॉट. मग या समीकरणाला उत्तरच नाही. ड्रायव्हर जास्त करंट मागतो, त्याने व्होल्टेज आणखी कोसळतं, म्हणून तो आणखी मागतो. टॉर्च मंद होते, लुकलुकते किंवा विझते.

आणि सेल संपलेला असतो का? नाही. तोच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला तर ते कित्येक महिने चालतं, कारण घड्याळाला करंट नगण्य लागतो. अल्कलाइन सेलची २५०० मिलिअँपिअर-तासांची (करंट गुणिले वेळ) क्षमता खरी आहे, पण संथ खर्चासाठी. एक अँपिअरच्या आसपास करंट ओढला तर त्यातली निम्म्याहून कमी हाती लागते.

आता निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल घ्या. मोकळा असताना तोही १.२५ व्होल्टच दाखवतो, पण त्याचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास असतो. तेवढ्याच १.२ वॉटसाठी त्याला ०.९९ अँपिअर पुरतो, टोकांवर १.२१ व्होल्ट उरतात आणि आत वाया जातात जेमतेम ०.०४ वॉट. त्याची कमाल मर्यादा पावणेदहा वॉटच्या आसपास येते. मोकळे ठेवून मोजले तर दोन्ही सेल मल्टिमीटरवर एकसारखे दिसतात. टॉर्च चालू असताना त्यांच्या टोकांवर मीटर लावलं की एक ०.८ व्होल्टवर बसलेला दिसतो आणि दुसरा जागचा हललेला नसतो. शिवाय त्याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं. २००० मिलिअँपिअर-तासांचा असा सेल १०० ल्युमेन जवळपास दोन तास देतो. पूर्वी हे सेल पडून पडून रिकामे व्हायचे, ही तक्रार मात्र खरी होती. २००५ मध्ये कमी स्वयंविसर्जनाचे, म्हणजे पडून असताना कमी उतरणारे सेल आले आणि ती बरीचशी मिटली.

या हिशेबातून एक छोटी पण कामाची गोष्ट निघते. मागच्या झाकणाची स्प्रिंग किंवा आटे मळलेले असतील तर तिथेच ०.२ ओहम सहज जमा होतात आणि चांगल्या सेलचा अल्कलाइन होऊन बसतो. टॉर्च मंदावली की सेल बदलण्याआधी आटे स्वच्छ पुसून पाहावेत.

सैल संपर्काचाच एक प्रकार काही लोक भूत सिद्ध करायला वापरतात. डोकं पिळून चालू होणारी टॉर्च अगदी लागते-न लागते इतपत पिळून टेबलावर ठेवायची आणि ‘इथे कोणी असेल तर दिवा लाव’ म्हणायचं. दिवा लागतो आणि विझतोही. यासाठी जुनी, फिलॅमेंटच्या दिव्याची टॉर्च निवडली जाते, कारण तो दिवा चांगला तापतो. भाग तापून प्रसरण पावले की संपर्क तुटतो, गार झाले की पुन्हा जुळतो. खोलीत कोणी नसताना, प्रश्न न विचारताही हे चक्र चालूच राहतं. पण कॅमेरा फक्त प्रश्नांच्या वेळी लावलेला असतो. अशा फसवणुकीने घाबरणारी माणसं खरी असतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

लिथियम-आयनच्या सेलचं सगळं गणितच निराळं. त्यातला १८६५० हा सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६. व्होल्टेज बहुतेक वेळ एलईडीच्या गरजेपेक्षा वरच असल्याने चढवण्याचा खटाटोप लागत नाही. चांगल्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते, म्हणजे १२.६ वॉट-तास (सरासरी व्होल्ट गुणिले अँपिअर-तास). पेन्सिल सेलच्या चारपाच पट. पाकिटावर ९९०० लिहिलेला १८६५० दिसला तर तो घेऊ नये. एवढी ऊर्जा त्या ४५–५० ग्रॅमच्या डबीत मावत नाही, आणि क्षमतेबद्दल खोटं छापणारा सुरक्षेबद्दल खरं छापेल असं मानायला कारण नाही.

वेष्टनावरचे दावेही असेच वॉट-तासांनी तपासता येतात. १२ वॉट-तास आणि दर वॉटला १०० ल्युमेन धरले तर १२०० ल्युमेन-तास. गळती वजा जाता हजाराच्या आसपास. म्हणजे १००० ल्युमेन एक तास किंवा १०० ल्युमेन दहा तास. ‘१०,००० ल्युमेन, ८ तास’ असं छापलं असेल तर तो दावा एका सेलवर अशक्य आहे. पांढऱ्या प्रकाशाची सैद्धांतिक मर्यादाच दर वॉटला ३०० ल्युमेनच्या आसपास आहे, त्यामुळे एलईडी कितीही सुधारली तरी १०,००० ल्युमेनना तीसेक वॉट लागणारच.

प्रामाणिक उत्पादकाच्या आकड्यांतही एक मेख असते. एफएल १ मानकानुसार ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी, आणि चालण्याचा वेळ मोजतात उजेड त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. १००० ल्युमेनना दहा वॉट लागतात आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होतो. बोटाएवढी टॉर्च ती उष्णता बाहेर टाकू शकत नाही. म्हणून काही मिनिटांत ड्रायव्हर स्वतःहून उजेड २००–३०० वर आणतो. वेष्टनावर मात्र ‘१००० ल्युमेन, ४ तास’ छापता येतं आणि ते खोटंही ठरत नाही. उजेड आणि वेळ यांचा आलेख देणारा उत्पादक मला नेहमी जास्त भरवशाचा वाटतो.

निवडताना सावधगिरी एकाच ठिकाणी कटाक्षाने पाळावी. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल पेन्सिल सेलच्याच आकाराचा असतो, पण ३.७ व्होल्टचा. फक्त १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घालू नये. बूस्ट ड्रायव्हर व्होल्टेज चढवू शकतो, उतरवू शकत नाही. आत येणारं व्होल्टेज एलईडीच्या गरजेपेक्षा जास्त झालं की करंट वेटोळ्यातून आणि डायोडमधून थेट एलईडीत जातो आणि त्याला आवरणारं मध्ये कोणी नसतं.

रोज वापरायची टॉर्च असेल तर निकेल-मेटल हायड्राइड किंवा लिथियम-आयन. अडीअडचणीसाठी वर्षानुवर्षं ठेवून द्यायची असेल तर एकदाच वापरायचा लिथियम-आयर्न डायसल्फाइड पेन्सिल सेल. तो १.५ व्होल्टचाच असतो, वजनाला सुमारे १५ ग्रॅम, अल्कलाइनचा २३ ग्रॅमच्या आसपास. वीस वर्षं टिकेल असं उत्पादक सांगतात, आणि उणे ४० अंश सेल्सिअसलाही तो काम देतो. अल्कलाइन मात्र विसरलेल्या टॉर्चमध्ये राहू देऊ नये. इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या टॉर्च बंद असतानाही थोडा करंट ओढत राहतात. सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू तयार होतो, दाबाने सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. झाकण उघडल्यावर स्प्रिंगवर दिसणारी पांढरी पूड तीच. ती हाताने खरवडू नये. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावी, फेस यायचा थांबला की ओल्या फडक्याने पुसून नळी पूर्ण वाळू द्यावी. आणि टॉर्च ठेवून देताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करावं, म्हणजे बऱ्याच टॉर्चमध्ये तो चोरटा करंटही तुटतो.