फरारी की रदबदलीला आलेला?

पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाने फिलेमोन या ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेलं पत्र हे बायबलच्या नव्या करारातल्या त्याच्या पत्रांपैकी सगळ्यात छोटं. २५ वचनं, मूळ ग्रीकमध्ये जेमतेम ३३५ शब्द. चहा निवायच्या आत वाचून होतं. पण बहुतेकांना त्याची गोष्ट वाचायच्या आधीच पाठ असते: अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, तो काहीतरी चोरून पळाला, कैदेतल्या पौलाला भेटला, ख्रिस्ती झाला आणि पौलाने चिठ्ठी देऊन त्याला मालकाकडे परत धाडलं.

आता पत्र पुन्हा उघडा. ‘पळाला’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. चोरीचाही उल्लेख नाही. १५व्या वचनात तो काही काळ ‘वेगळा झाला’ एवढंच आहे, आणि १८व्यात म्हटलंय की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. बाकीची गोष्ट वाचकांनी भरली. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या धर्मगुरूच्या प्रवचनांत ती चोरीसकट ठरून गेलेली दिसते.

१९८५ साली पीटर लाम्पे या जर्मन अभ्यासकाने एक साधा मुद्दा काढला. घरातून न सांगता गेलेला प्रत्येक गुलाम रोमन कायद्याच्या लेखी फरारी नव्हता. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा एक कायदेपंडित (त्याचं नावही पाउलुसच, पण प्रेषिताशी संबंध काही नाही) स्पष्ट लिहितो: रदबदलीसाठी मालकाच्या मित्राकडे धाव घेणारा फरारी नव्हे. दोघंही घरात नाहीत, दोघांनीही परवानगी घेतलेली नाही. फरक फक्त मनात काय होतं याचा. एकाला परत यायचंच नाही. दुसऱ्याला परत यायचंय, फक्त मालकाचा राग उतरल्यावर. म्हणून तो मालक ज्याचं ऐकेल अशा माणसाला शब्द टाकायला सांगतो.

दुसऱ्या प्रकाराचा नमुना धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांत सापडतो. साबिनियानुस नावाच्या परिचिताला तो लिहितो, की तू ज्याच्यावर चिडला आहेस तो तुझा माणूस माझ्याकडे आला, माझे पाय जणू तुझेच आहेत असे धरून बसला, खूप रडला, खूप विनवण्या केल्या, बराच वेळ गप्पही राहिला. मी त्याला चांगलं झापलं आहे, आता तू त्याला क्षमा कर. पुढच्या एका पत्रात, त्याला परत घेतल्याबद्दल शाबासकीही आहे. हे पत्र फिलेमोनाच्या पत्राशेजारी ठेवायची अभ्यासकांची जुनी सवय आहे, पण एक गोष्ट निसटू देऊ नये. प्लिनीचा माणूस गुलाम नव्हता. तो मुक्त केलेला, म्हणजे पूर्वीचा गुलाम होता. शिवाय प्लिनी पश्चात्तापाचा पाढा वाचतो, तर पौल अनेसिमाच्या पश्चात्तापाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो कोटी करतो: अनेसिम या नावाचा अर्थच ‘उपयोगी’, तेव्हा पूर्वी निरुपयोगी होता, आता तुलाही मलाही उपयोगी आहे.

आणि खरा फरारी? त्याचं वर्णन इजिप्तमधल्या एका पपायरसवरच्या (लव्हाळ्याच्या कागदावरच्या) शोध-जाहिरातीत आहे, पौलाच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं. हेर्मोन, वय १८च्या आसपास, जन्माने सिरियाचा, मध्यम उंची, दाढी नाही, हनुवटीला खळी, नाकाच्या डाव्या बाजूला तीळ, उजव्या मनगटावर परकी अक्षरं गोंदलेली. सोबत सोन्याची नाणी आणि दहा मोती. पकडून आणणाऱ्याला इनाम आहेच; पण तो एखाद्या मातब्बर, दावा लावता येईल अशा माणसाच्या घरी आहे असं दाखवून दिलं, तर इनाम त्याहून जास्त. उघड आहे: आसरा देणाऱ्याकडून वसुली करता येते. ‘मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन’ हे १९वं वचन यानंतर वाचलं की त्यातला जोखमीचा वास येतो.

मग अनेसिम कोण? मला लाम्पेचं म्हणणं बरंच पटतं. फरारी माणूस नेमका मालकाच्याच गुरूच्या कोठडीत कसा जाऊन पोचला, हा जुन्या गोष्टीतला योगायोग फारच सोयीचा आहे. पौल इफिस या शहरात कैदेत होता असं मानलं, तर फिलेमोनाच्या कलस्सै गावाहून तिथे पायी जाता येतं. रोम म्हटलं की समुद्रप्रवास आला. पण जे. अल्बर्ट हॅरिल या अभ्यासकाचा आक्षेपही दमदार आहे. तो म्हणतो, फरारी कोण याची ही कायद्यातली व्याख्या कुठून आली ते बघा. ती आली बाजाराच्या नियमांतून. गुलाम विकताना तो आजारी, फरारी किंवा भटक्या असेल तर तसं सांगणं विक्रेत्याला बंधनकारक होतं. ओझ्याच्या जनावरांच्या विक्रीचे नियमही त्याच चौकटीत बसतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की माल खोटा निघाला का. रस्त्यावर गुलाम धरणारा कोणाच्या मनात काय होतं हे विचारत बसला असेल का? शिवाय रदबदलीला गेलेल्याचंही पुढे मन बदलू शकतं.

हा काथ्याकूट वाटेल, पण ‘फरारी’ या एका शब्दाने बरंच नुकसान केलं आहे. १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांना परत करण्याचा कायदा कडक झाला, तेव्हा मोझेस स्टुअर्टसारख्या बायबल-पंडिताने पौलाने अनेसिमाला परत पाठवल्याचाच दाखला दिला. त्याआधी जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाद्री, जो स्वतः गुलामांचा मालक होता, गुलामांपुढे याच पत्रावर प्रवचन द्यायला उभा राहिला. पळून जाणं कसं पाप आहे हे त्याने पौलाच्या आधाराने सांगायला घेतलं, तशी निम्मी मंडळी उठून चालती झाली. प्रवचन संपल्यावर काहींनी ठासून सांगितलं, की असलं पत्र बायबलात नाहीच.