देव, देवरु आणि आज्जीचा दिवा

संध्याकाळी आज्जी देव्हाऱ्यात दिवा लावायची तेव्हा मला पक्कं वाटायचं, दिवा आणि देव एकाच शब्दातनं निघालेत, दोन्ही उजेडाचेच की! पुढं कळलं की दिवा आलाय 'दीप'मधनं झिजत झिजत आणि देव आलाय 'दिव्' म्हणजे चमकणं, त्यातनं. देवाची खरी भावकी लागते ती 'दिवस'शी.

ही भावकी लांबवर पसरलीय बघा. लॅटिनमध्ये देउस, लिथुआनियनमध्ये दिएवास, ग्रीकांचा झ्यूस पण त्यातलाच, आणि वेदातला 'द्यौष्पिता' म्हणजे आकाशबाप तो रोमनांकडं ज्युपिटर झालाय. पण ग्रीकमध्ये देवाला 'थिओस' म्हणतात त्याचं नातं नाही हं, नुसतं ऐकायला सारखं. आणि इराणात तर उलटंच झालं, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'दएव' म्हणजे राक्षस, आणि आपल्या 'असुर'चा भाऊ 'अहुर' तिकडं थोरला देव.

'भगवान'मधला भग म्हणजे वाटा, नशिबाचा हिस्सा. रशियन लोक देवाला 'बोग' म्हणतात तो ह्याच घरातला. आमच्या खानापूर भागात शेताच्या वाटणीवरनं कोर्टात जाणारे भाऊ 'माझा भाग' 'माझा भाग' करतात तो भाग पण ह्याच धातूचा, आता बोला!

इंग्रजी 'गॉड'बद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात ज्याला हाक मारली तो, आपल्या 'आह्वान'मधला धातू, काही म्हणतात ज्याला ओतून अर्पण केलं तो, 'आहुती'मधला. मला हाकेचं जास्त पटतं. फारसी 'खुदा' म्हणजे धनी, मालक. 'अल्लाह' बहुतेक 'अल' आणि 'इलाह' जोडून झालेला, हिब्रू 'एलोहीम'च्या नात्यातला, आणि अरबी बोलणारे ख्रिश्चनसुद्धा प्रार्थनेत अल्लाहच म्हणतात.

आमच्याकडं कानडी शेजारी 'देवरु' म्हणतात. शब्द संस्कृतचाच, पण शेवटचा 'रु' मानाचा, आपण 'देवा, तू' म्हणून मोकळे होतो. सौंदत्तीची यल्लम्मा मात्र ह्या उजेडाच्या घराण्यातली नाहीच, कानडीत एल्ला म्हणजे सगळे आणि अम्मा म्हणजे आई, सगळ्यांची आई असा तिचा अर्थ लावतात. आज्जी तिला 'यल्लम्मा आई' म्हणायची. म्हणजे आई दोनदा, एकदा कानडीत, एकदा मराठीत.