चित्रकादंबरी, बालकुमारांची

चौकटींत मांडलेली चित्रे आणि त्या चित्रांतच लिहिलेले संवाद व निवेदन यांच्या क्रमातून पुस्तकभर लांबीचे सलग कथन करणारा साहित्यप्रकार. बोलण्यात ‘ग्राफिक नॉव्हेल’ हाच शब्द रूढ आहे. त्यातला ‘कादंबरी’चा अर्थ फार काटेकोर धरू नये, आत्मकथन, इतिहास व विज्ञान यांवरील पुस्तकेही याच नावाने विकली जातात. सचित्र गोष्टीतली चित्रे काढून घेतली तरी गोष्ट उरते, चित्रकादंबरीत ती उरत नाही. बाल आणि कुमार असे वयोगट प्रकाशक पाडतात. वाचणारी मुले ते फारसे पाळत नाहीत.

या प्रकाराचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. बाराव्या-तेराव्या शतकांतील जपानी चित्रगुंडाळ्या हे त्याचे पूर्वज, असे पुष्कळदा लिहिले जाते. मात्र त्या गुंडाळ्यांपासून विसाव्या शतकातील मांगापर्यंत (जपानी चित्रकथांपर्यंत) अखंड परंपरा दाखवणे अवघड आहे. अमेरिकी लेखकांनी दीर्घकाळ १८९५–९६ मधील वृत्तपत्री चित्रमालिकांना अग्रमान दिला. त्यांचा मुख्य निकष संवादाचा फुगा हा होता. पण पात्राच्या तोंडून निघणाऱ्या बोलपट्ट्या मध्ययुगीन युरोपीय चित्रांत आहेत आणि फुगे अठराव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्रांत सर्रास आढळतात. त्यामुळे डेव्हिड कुंझल, थिएरी ग्रोनस्टीन आदी अभ्यासक जिनिव्हाचे रोदोल्फ तोप्फेर (१७९९–१८४६) यांच्याकडे आरंभाचा मान देतात. बालवाचकांच्या दृष्टीने पाहता हाच पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

तोप्फेर चित्रकाराचे पुत्र. डोळ्यांच्या विकारामुळे चित्रकलेचा व्यवसाय सोडून ते शिक्षक झाले आणि त्यांनी मुलांचे वसतिगृह चालवले. पहिली चित्रकथा त्यांनी १८२७ च्या सुमारास काढली. विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी काढलेल्या या वह्या हातोहात फिरत. त्यांपैकी काही जर्मन कवी गटेच्या पाहण्यात आल्या आणि त्याने त्यांची वाखाणणी केली. पहिल्या छापील पुस्तकावर १८३३ हे साल आहे, मात्र विक्री १८३५ च्या सुमारास सुरू झाली असावी. छपाईची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. शिळाछापात मजकूर दगडावर उलटा लिहावा लागे. तोप्फेर मात्र तेलकट शाईने खास कागदावर सुलटे लिहीत व रेखाटत आणि ते दगडावर उतरवून घेतले जाई. त्यामुळे अक्षर आणि रेषा एकाच हाताच्या, एकाच वेगाच्या राहिल्या. त्यांच्या पानांत फुगे नाहीत, मजकूर चित्राखाली येतो. १८४५ च्या आपल्या निबंधात त्यांनी लिहिले आहे, की चित्रांचे हे वाङ्मय मुख्यतः मुले आणि सामान्य जन यांच्यावर परिणाम करते, आणि बिघडवायला सर्वांत सोपे हेच दोन वर्ग. पुढच्या शतकातील आक्षेपाचे बीज असे खुद्द जनकाच्याच लिखाणात सापडते.

‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा रिचर्ड काइल यांनी १९६४ मध्ये हौशी वाचकांच्या एका वार्तापत्रात वापरली. १९७६ मध्ये ती काही पुस्तकांवर छापली गेली आणि १९७८ मध्ये अमेरिकी चित्रकथाकार विल आइस्नर यांच्या कथासंग्रहाच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीमुळे सर्वतोमुखी झाली. आइस्नर यांना संज्ञेचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. प्रसारक म्हणणे अधिक योग्य. या शब्दाचा एक हेतू, हे मुलांचे कॉमिक नव्हे, प्रौढांचे साहित्य आहे, असे बजावण्याचा होता. ‘मुलांची ग्राफिक नॉव्हेल’ या शब्दप्रयोगात त्यामुळे थोडी विसंगती आहेच.

कॉमिकबद्दलची ही लाज उगाच आलेली नव्हती. फ्रान्सने १९४९ मध्ये बालकुमारांच्या प्रकाशनांवर कायद्याने देखरेख आणली. अमेरिकेत १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी कॉमिक आणि बालगुन्हेगारी यांचा संबंध जोडणारे पुस्तक लिहिले. सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लादून घेतली. पुढल्या वर्षी ब्रिटननेही कायदा केला. वर्थम यांनी रुग्णांच्या नोंदी सोयीने वापरल्याचे कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये मूळ कागदपत्रांवरून दाखवले आहे.

जपानात वाट वेगळी होती. तेथे मासिके व साप्ताहिकेच मुलगे, मुली व वय यांनुसार विभागली गेली. ‘शोनेन’ (मुलग्यांसाठी) व ‘शोजो’ (मुलींसाठी) हे वर्ग त्यातूनच आले.

रचनेच्या चर्चेत चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला मोठे स्थान आहे. एका चौकटीत मुलगी दाराच्या कडीला हात घालते. पुढच्या चौकटीत रिकामी खोली आणि हलणारा पडदा. मधले सारे वाचक भरून काढतो. स्कॉट मॅक्लाउड (१९९३) यांनी या पट्टीला केंद्रस्थानी ठेवले. ग्रोनस्टीन (१९९९) मात्र संपूर्ण पान, किंबहुना पुस्तकभर पसरलेले चौकटींचे जाळे महत्त्वाचे मानतात. लहान मुले संपूर्ण पान आधी न्याहाळून मग पहिल्या चौकटीकडे वळताना दिसतात, तेव्हा दुसरे मत जवळचे वाटते.

भाषांतराचा प्रश्न तितकाच तांत्रिक आहे. जपानी मजकूर उभा चालतो, म्हणून मांगातले फुगे उभट असतात. देवनागरी आडवी. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार यांमुळे दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते. ‘सांगितल्याशिवाय’ हा एकच शब्द अशा फुग्यात मावत नाही, आणि जोडचिन्ह घालून तोडला तर नुकत्या वाचायला लागलेल्या मुलाला अडखळवतो. भाषांतरकार मग वाक्यच बदलतो. धडाम, खळ्ळ असे ध्वनिशब्द चित्रातच रंगवलेले असल्याने तेथे रेषेला हात लावण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वी मांगाची उजवीकडून डावीकडे जाणारी पाने आरशासारखी उलटवून छापत. त्यात उजखोरी पात्रे डावखुरी होत. २००० नंतर मूळ दिशा कायम ठेवण्याची पद्धत रुजली.

प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडे. एका मोठ्या अमेरिकी बालप्रकाशकाने २००५ मध्ये स्वतंत्र ‘ग्राफिक्स’ ही शाखा काढली. जीन लुएन यांग यांच्या पुस्तकाला २००७ मध्ये कुमारसाहित्याचे प्रिन्ट्झ पारितोषिक मिळाले. जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ ही २०२० मध्ये बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळवणारी पहिली चित्रकादंबरी ठरली. दात, ऐकू न येणे, नवी शाळा यांसारखे आत्मकथनाचे विषय या काळात पुढे आले.

भारतात १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने चौकटी वाचण्याची सवय लावली, त्या पुस्तिका मात्र आटोपशीर पानांच्या. ओरिजित सेन यांचे नर्मदेवरील पुस्तक (१९९४) पहिली भारतीय ग्राफिक नॉव्हेल मानले जाते. डॉ. आंबेडकरांच्या अनुभवांवरील ‘भीमायन’ (२०११) केवळ कुमारांसाठी नसले तरी येथे नोंदवणे अवश्य आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात काटकोनी चौकटीच नाकारल्या. सौम्य बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात. अपमानाचे शब्द ज्या फुग्यात येतात, त्याला विंचवाची नांगी आहे.