रोहिंग्यांची परतपाठवणी : १९९४ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातले सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम सीमा ओलांडून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले आणि काही महिन्यांतच त्यांना परत पाठवण्याचा करार झाला. ही घाई नवी नव्हती. १९७८ साली दोनेक लाख लोक असेच आले होते. छावण्यांतले अन्न आखडते घेतले गेले, दहा हजारांवर माणसे दगावली, त्यांत मुलेच जास्त. उरलेले बहुतेक जण १९७९ संपेपर्यंत ‘आपणहून’ परतले.

१९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाख आले. म्यानमारमध्ये लष्कराची वेठबिगार होती, जमिनी हिसकावल्या जात होत्या. पहिल्या परतपाठवणीत जबरदस्ती इतकी उघड होती, की संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था (यूएनएचसीआर) १९९२ च्या अखेरीस बाजूला झाली. १९९३ मध्ये ती करार करून परत आली : आधी ढाक्याशी (बांगलादेश सरकारशी), मग यांगूनशी (म्यानमार सरकारशी). जायचे की नाही, हे खासगीत मुलाखत घेऊन विचारायचे ठरले. ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ निघत.

१९९४ च्या मध्यावर या मुलाखतीच गुंडाळल्या गेल्या. त्यांच्या जागी सामूहिक माहितीसभा आल्या. सगळे जायला तयार आहेत असे धरून चालायचे. ज्याला जायचे नसेल त्याने पुढे येऊन तसे सांगायचे. रेशन आणि झोपडी ज्यांच्या मर्जीवर, त्यांच्यादेखत हे कोण सांगणार? संस्थेचे म्हणणे असे, की पलीकडे राखाइनमध्ये आता आमची माणसे आहेत आणि छावणीत कुजण्यापेक्षा गाव बरे. ढाक्याचा तगादाही होताच. मात्र रोहिंग्यांना परके ठरवणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा जागचा हलला नव्हता. १९९७ पर्यंत सुमारे २ लाख ३० हजार लोक गेले. कुतुपालाँग आणि नयापारा छावण्यांत एकवीसेक हजार उरले. कागदावर मोहीम फत्ते! परतलेल्यांपैकी काही जण पुन्हा नदी ओलांडून आले, ते मात्र निर्वासितांच्या यादीत धरलेच गेले नाहीत.

म्यानमार आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था (यूएनएचसीआर व यूएनडीपी) यांच्यातल्या जून २०१८ च्या त्रिपक्षीय करारातही नागरिकत्वाची हमी नव्हती आणि रोहिंग्यांना कुणी विचारले नव्हते. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परत नेण्यासाठी बसगाड्या तयार ठेवल्या गेल्या. दोन्ही वेळा एकही जण चढला नाही. दरम्यान बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रे देणे सुरू होते. रेशनसाठी ती लागत. ही माहिती म्यानमारकडे जाईल, या भीतीने छावण्यांत संपही झाला. आठ लाखांहून अधिक नावे तिकडे खरोखरच गेली, हे २०२१ मध्ये उघड झाले. संमती घेतली होती, असे यूएनएचसीआर म्हणते. अनेक निर्वासितांच्या मते त्यांना विचारलेच नव्हते.