निळा रंग न येण्याचे कारण

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात रसायनशास्त्र विभागाचे पान उघडले, की आधी विभागाची स्थापना, मग प्राध्यापकांची संख्या आणि त्यानंतर उपकरणांची यादी, हा क्रम सहसा चुकत नाही. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, कंडक्टोमीटर, पोलरीमीटर, फ्लेम फोटोमीटर अशी नावे एकाखाली एक येतात, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की त्या उपकरणांवरची आच्छादने काढून ती पुसूनही ठेवली जातात. पाणी मात्र त्या यादीत कधीच नसते. हवाही नसते. वास्तविक बी.एस्सी.चा विद्यार्थी तीन वर्षांत ज्या उपकरणाला जेमतेम चार वेळा हात लावतो त्याच्यापेक्षा, रोज ज्या टाकीतून तो वॉश बॉटल भरून घेतो ती टाकी त्याच्या रसायनशास्त्राचे अधिक बरेवाईट करत असते. हे मला फार उशिरा, आणि एक प्रॅक्टिकल पूर्ण फसल्यावर कळले.

तो प्रयोग पाण्याची दुष्फेनता मोजण्याचा होता. बोलीत ज्याला आपण जड पाणी म्हणतो, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ तासभर शिजवूनही दाताखाली येते, त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धातू विरघळलेले असतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल गेलेल्या बोअरवेलचे पाणी बहुधा असेच असते, म्हणून आमच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावचे पाणी बाटलीत भरून आणायला सांगितले होते. मोजण्याची रीत तशी सोपी आहे. शंकुपात्रात 50 मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास राहावा म्हणून अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडचे बफर द्रावण घालायचे, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलून खूण देणारा निर्देशक किंचित टाकायचा आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या तोटीवाल्या काचनळीतून, धातू पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहायचे. निर्देशक पडताच पाणी द्राक्षासवासारखे लालसर होते. ते जांभळे होऊ लागले की हात आखडता घ्यायचा, आणि ज्या थेंबाला लालीची शेवटची छटा जाऊन स्वच्छ निळा रंग येतो, तिथे थांबायचे.

आमच्या बॅचमध्ये कोणाचाच निळा रंग येईना. पाणी जांभळट होई आणि तिथेच घुटमळत राही. अंतिम बिंदू नेमका कुठे मानायचा, यावर शेजारच्या दोघांत दोन-दोन मिलिलिटरचा फरक पडू लागला. निर्देशकाचे द्रावण जुने झाले असेल, असे आधी वाटले, आणि तो संशय अगदीच अनाठायी नव्हता, कारण हा रंग द्रावणात फार दिवस टिकत नाही. शहाणे लोक तो कोरड्या मिठात खलून भुकटीच्या रूपात ठेवतात. नवी भुकटी आली, तरी तेच. शेवटी सरांनी गावचे पाणी बाजूला ठेवले आणि आमच्याच टाकीतले डिस्टिल्ड वॉटर शंकुपात्रात घेऊन त्यात बफर आणि निर्देशक घातला. ज्यात कॅल्शियमही नाही आणि मॅग्नेशियमही नाही, त्या पाण्याला निर्देशक पडताक्षणीच निळे व्हायला हवे होते. ते लालसर झाले, आणि त्यात ईडीटीए कितीही घातले तरी लालसरच राहिले.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. एरिओक्रोम ब्लॅक टी हा मुळात लोकर रंगवण्याचा रंग; त्याच्या नावातला ‘एरिओ’ ग्रीक भाषेतल्या लोकरीवरून आला आहे आणि ‘क्रोम’ हा रंग पक्का करणाऱ्या क्रोमियमवरून. सामू दहाच्या आसपास असताना मोकळा असेल तेव्हा तो निळा दिसतो आणि मॅग्नेशियमला धरून बसला की लाल. ईडीटीए हा रेणू धातूच्या अणूला सहा बाजूंनी एकदम पकडू शकतो, आणि एक ईडीटीए एकाच धातूला धरतो, या ठरलेल्या हिशेबामुळे त्याचा मोजणीला उपयोग होतो, हे गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी 1940च्या दशकात झुरिकमध्ये दाखवून दिले. ईडीटीए आधी पाण्यातले मोकळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतो आणि सगळ्यात शेवटी निर्देशकाच्या हातातले मॅग्नेशियम काढून घेतो. निर्देशक सुटतो आणि निळा दिसतो. पाण्यात तांब्याचा अंश असेल, तर हा शेवटचा टप्पाच बंद पडतो. तांबे निर्देशकाला इतके घट्ट चिकटते, की ईडीटीएला ते प्रयोगाच्या वेळात सोडवून घेता येत नाही, आणि रंग अडकून राहतो.

तांबे आले कुठून, याचे उत्तर मागच्या खोलीत होते. आमचा पाणी ऊर्ध्वपातित करण्याचा बंब जुन्या पद्धतीचा, तांब्याचा, आतून कल्हई केलेला होता. घरच्या पातेल्याची कल्हई उडाली की ताक कळकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको: बंबाच्या नळीतली कल्हई ठिकठिकाणी गेली होती, आणि वाफेचे ताजे पाणी, जे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, उघड्या तांब्यावरून वाहत टाकीत येत होते. तोंडात घेतले तर कोणाला कळणारही नाही इतका तो अंश होता. पाणी डिस्टिल्ड आहे याचा अर्थ ते शुद्ध आहे असा होत नाही, हे वाक्य पुस्तकात चार वेळा वाचले असते तरी जे डोक्यात गेले नसते, ते त्या दिवशी गेले.

अलीकडे काचेचे बंब किंवा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन काढून घेणाऱ्या राळेचे स्तंभ बहुतेक ठिकाणी आले आहेत. त्या स्तंभाचीही एक खोड असते: राळेची क्षमता संपली, की तो गुपचूप साधे पाणी पुढे सोडू लागतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून त्याला वाहकता दाखवणारा मीटर जोडलेला असतो, आणि तो बंद पडलेला असेल तर विभागात पाण्याची सोय आहे असे मी तरी म्हणणार नाही. परीक्षानळीत ते पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा. पाणी दुधाळ झाले तर त्यात क्लोराइड आहे. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

पाण्याखालोखाल काच आणि तराजू येतात. ब्युरेटवर नीट पाहिले तर ‘ए’ किंवा ‘बी’ असे अक्षर आणि एक तापमान छापलेले आढळते. 50 मिलिलिटरच्या ए वर्गाच्या ब्युरेटमध्ये 0.05 मिलिलिटरपर्यंत चूक चालते, बी वर्गात 0.1 पर्यंत. तापमान परदेशी काचेवर 20 अंश असते, तर आपल्याकडच्या काचेवर बहुधा 27 अंश, कारण आपल्या प्रयोगशाळेत वर्षातले बरेच दिवस 20 अंश उगवतच नाहीत. ईडीटीएचे 0.01 मोलर द्रावण करायचे तर लिटरला 3.7224 ग्रॅम वजन करावे लागते, आणि चौथ्या दशांशापर्यंतचे ते वजन डोक्यावर पंखा गरगरत असताना कधीच स्थिर होत नाही. ओव्हनमधून काढलेली वजनबाटली गरम असतानाच तराजूवर ठेवली तर ती हलकी भरते, कारण तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढताना पारड्याला उचलून धरते. वजनाची चूक पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या उत्तरात उतरते. समजा 50 मिलिलिटर पाण्याला 14.3 मिलिलिटर ईडीटीए लागले, तर दुष्फेनता लिटरला 286 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती 200 पर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावी. आमच्यासारखा दोन मिलिलिटरचा गोंधळ झाला, तर उत्तर 40 मिलिग्रॅमने सरकते, आणि 190 चे पाणी 230 दिसून एखाद्या गावाची विहीर उगाच बदनाम होऊ शकते.

हवेची गोष्ट याहून गंभीर आहे. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास ज्याने घेतला नाही, असा माझ्या पिढीचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी सापडणे कठीण. डेल्फ्टच्या पेट्रुस याकोबुस किप यांनी 1844मध्ये बनवलेले, हा वायू तयार करण्याचे तीन फुग्यांचे काचेचे उपकरण तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळेत असे. तोटी बंद केली की साठलेला वायूच आम्लाला खाली ढकलून आयर्न सल्फाइडपासून दूर करी आणि क्रिया आपोआप थांबे. उपकरण देखणे, वायू मात्र घातक. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असताना तो नाकाला कळतो, आणि शंभर भागांच्या आसपास पोचला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस नेमका तिथे फसतो. असल्या वायूंसाठी फ्यूम हूड, म्हणजे वायू पंख्याने बाहेर ओढून टाकणारे कपाट, असते. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत ओढली गेली पाहिजे. टिश्यू पेपरची पट्टी काठाशी धरली तर ती आत झुकताना दिसावी. कित्येक ठिकाणी मात्र हे हूड जास्तीच्या बाटल्या ठेवायचे कपाट होऊन बसते, आणि बाटल्यांची भिंत उभी राहिली की पंखा कितीही घरघरला तरी हवा मागे पोचत नाही.

भांडारातल्या बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावण्याची आपली सवयही तपासून पाहावी अशी आहे. शोधायला ती सोयीची, पण तिच्यामुळे एकमेकांशी अजिबात न जमणारी रसायने शेजारी येतात. नायट्रिक आम्लाला सेंद्रिय द्रावकांपासून लांबच ठेवायला हवे, मग अक्षर कोणतेही असो. डायएथिल ईथर तर 34.6 अंशांना उकळते, म्हणजे मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बंद भांडारात ते बाटलीत नुसते तापत नाही, उकळायला टेकते. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड असल्यामुळे ती टेबलावरून, जमिनीवरून सरपटत जाऊन लांबच्या पेटत्या बर्नरला गाठू शकते. ते थंड ठेवायचे म्हणून घरगुती फ्रिजमध्ये ठेवणे हे त्याहून वाईट, कारण त्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरेशी असते.

या सगळ्याची काळजी वाहणारा माणूस, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणत असू तो प्रयोगशाळा परिचर, कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. ब्युरेटच्या तोटीला व्हॅसलीन किती लावायचे, कोणत्या बाटलीचे बूच गरम पाण्याचा कपडा गुंडाळला की सुटते, ब्रेकेजच्या वहीत कोणाचे पैसे धरायचे आणि कोणाचे सोडायचे, हे त्यांच्या हातात असे. तांब्याचा उलगडा सरांनी फळ्यावर समीकरणे मांडून केला खरा, पण त्या बंबाचे पाणी बॅटरीवाल्यालाही चालत नाही हे मामांना दोन वर्षांपासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्यांनी पदव्युत्तर विभागातून काचेच्या बंबाचे दोन कॅन पाणी आणून ठेवले, आणि माझ्या गावच्या बोअरवेलचे पाणी अखेर चौदाव्या मिलिलिटरच्या पुढे, एका थेंबात निळे झाले.